आत्याआजीचा आवाज आणि वाढत्या मापाची रॅम

आमच्या आत्याआजीचा आवाज बुधवारी सकाळी गेला. सर्दीपडसं नव्हतं, ओरडून घसाही बसला नव्हता. तिने संगणकाचं बटण दाबलं, आतला पंखा फिरला आणि पडद्यावर काही उमटायच्या आधीच ‘पीं... पीं... पीं...’ सुरू झालं. ते काही थांबेना. शेवटी तिने बटण बंद केलं, पाटी ओढली आणि लिहिलं, ‘केतकी, माझा आवाज गेला.’

तुम्ही म्हणाल, संगणक बिघडला तर माणसाचा आवाज कसा जाईल? सांगते. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. गावच्या शाळेत ती बाई होती. मी जन्मायच्या आधी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि बोलणं कायमचं बंद झालं. पण बाई पक्की हुशार. ऑपरेशनच्या आधीच तिने आपला आवाज संगणकात भरून ठेवला होता. ती टाइप करते आणि संगणक तिच्या आवाजात बोलतो. ‘केतकी, आधी पाय धू’ हेसुद्धा तिच्याच आवाजात.

आता बोलकी यंत्रं काय, घरोघरी आहेत. आमचा कुकरही ‘भात झाला, ताई’ म्हणतो. बाबांनी लगेच आत्याआजीपुढे नवा बोलका टॅब ठेवला. तिने तो दोन मिनिटं ऐकला आणि पाटीवर लिहिलं, ‘आवाज छान आहे. पण माझा नाही.’ मला एकदम रडू आलं. तिचा आवाज दुसऱ्या यंत्रात हलवायचीही सोय नव्हती. तो प्रोग्रॅम त्याच संगणकाच्या मदरबोर्डशी (सगळे भाग ज्याच्यावर जोडलेले असतात तो मुख्य फलक) कुलूप लावून बांधलेला होता, आणि किल्ली देणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

मी तडक शाळेच्या कार्यशाळेतल्या यंत्रमानवाला घेऊन आले. त्याचं नाव ठोकळ्या. नाव मीच ठेवलंय. तो चिडत नाही, कारण चिडणं त्याच्यात बसवलेलंच नाही.

ठोकळ्याने संगणक सुरू करून शिट्ट्या ऐकल्या. “पडदा सुरू होण्यापूर्वी मदरबोर्डला तक्रार करायची असेल, तर त्याच्याकडे एवढी शिट्टीच असते,” तो म्हणाला. “ही तक्रार रॅमची आहे, केतकीताई. रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती.”

“स्मृती गेली? मग आवाज पुसला गेला?” मी विचारलं.

“नाही. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. डबे कुठे असतात?”

“फडताळात.”

“आणि स्वयंपाक करताना?”

“लागतील तेवढे ओट्यावर काढायचे.”

“रॅम म्हणजे ओटा. काम चालू असेपर्यंतच त्यावर सामान असतं. वीज गेली की ओटा साफ. आवाज फडताळात आहे, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये (कायमच्या साठवणीत). तो सुखरूप आहे. पण ओटाच मोडल्यामुळे स्वयंपाक सुरू होत नाही.”

आत्याआजीने माझा हात घट्ट धरला. तिलाही हीच भीती वाटत असणार.

ठोकळ्याने संगणक बंद केला, वायर काढली आणि आधी पेटीच्या लोखंडाला बोट लावलं. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना जाळू शकते, म्हणून. मग रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं माझ्या खोडरबराने हलकेच पुसली. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं म्हणे. आमचं झालं नाही. पट्टी खरंच मेली होती.

“एवढंच ना?” म्हणून बाबा स्कूटर काढून तालुक्याला गेले आणि चकचकीत डबी घेऊन आले. “सगळ्यात नवी, सगळ्यात मोठी आणली. पुढे कधी कमी पडायला नको.”

आता इथे आमच्या घराण्याचा स्वभाव सांगायला हवा. आमच्याकडे सगळं वाढत्या मापाचं घेतात. माझा गणवेश दोन वर्षं पुढचा. बुटांत कापूस. ‘वाढत्या अंगाची आहे पोर’ हे वाक्य प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. बाबांनी रॅमसुद्धा त्याच हिशेबाने आणली होती.

बाबा पट्टी खोबणीत बसवू लागले. बसेना. त्यांनी जोर लावला, तेवढ्यात ठोकळ्याने त्यांचं मनगट धरलं.

“काका, थांबा. पट्टीच्या खालच्या कडेला खाच आहे, आणि खोबणीत उंचवटा. दोन्ही एका जागी आहेत का?”

नव्हते. बोटभराचं अंतर होतं.

“रॅमच्या पिढ्या असतात. प्रत्येक पिढीची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात, कारण प्रत्येकीला लागणारा विजेचा दाबही वेगळा असतो. चुकीची पट्टी चुकूनही बसू नये, म्हणून ही खाच. ती अडवते म्हणजे वाचवते. तुमची पट्टी बरीच नंतरच्या पिढीची आहे. या संगणकाला तिसऱ्या पिढीचीच हवी.”

बाबा ओशाळले. “नवं ते चांगलं असं वाटलं मला.”

“चांगलीच आहे ती. फक्त या घरची नाही,” ठोकळ्या म्हणाला.

मग मी शहाणपणा केला. माळ्यावरच्या मोडक्या लॅपटॉपमधली पट्टी काढून आणली. तिच्यावर तिसरी पिढी असं छापलंही होतं. पण ती निम्म्याच लांबीची निघाली. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

“आपण मदरबोर्डलाच विचारू या,” म्हणत ठोकळ्याने धूळ पुसली. मदरबोर्डवर बारीक अक्षरांत मॉडेलचा क्रमांक होता. त्यावरून त्याने माहितीपत्रक शोधलं आणि मला वाचायला लावलं. पिढी तिसरी, लांबी पूर्ण. एका खोबणीत जास्तीत जास्त चार जीबीची पट्टी, त्याहून मोठी ओळखता येणार नाही.

“आणि वेग?” मी विचारलं.

“त्याच पिढीतली जरा वेगवान पट्टी चालते. ती मदरबोर्डच्या चालीने चालते. तुम्ही आत्याआजींबरोबर बाजारात जाता तेव्हा कुणाच्या चालीने चालता?”

“तिच्या,” मी म्हणाले. मला पटकन कळलं. आत्याआजी गालात हसली.

पण इतकी जुनी पट्टी विकतं कोण? बाबांनी फोन करकरून कान गरम केले. सगळीकडे नन्नाचा पाढा. तेव्हा मला दत्ताकाका गुरव आठवले. त्यांच्या पिठाच्या गिरणीत नंबर दाखवणारा एक म्हातारा संगणक आहे. ‘बाईंच्याबरोबर एकाच दुकानातून घेतलाय’ असं ते दळण टाकताना दहादा सांगतात.

आम्ही गिरणीत गेलो. मी सगळं सांगितलं. दत्ताकाकांनी पट्टा थांबवला, हात झटकले आणि पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. “बाईंचा आवाज बंद आहे? उघड ती पेटी.”

“एकाच दुकानातला आहे म्हणून एकच असेल असं नाही,” ठोकळ्या म्हणाला. त्याने मला तपासायला सांगितलं. मी एकेक पाहिलं. पिढी तिसरी. लांबी पूर्ण. खाच त्याच जागी. विजेचा दाब तोच. दोन पट्ट्या, दोन-दोन जीबीच्या.

“एक काढली तर तुमचं यंत्र रखडेल, काका,” मी म्हणाले.

“रखडू दे. लोक थांबतील.” ते पट्टीवरचं पीठ फुंकरीने उडवत म्हणाले, “केतकी, मी लहानपणी फार अडखळायचो. हजेरीला ‘हजर’ म्हणता म्हणता घाम फुटायचा. पोरं हसायची. आधीचे मास्तर पुढचं नाव घ्यायचे. बाई थांबायच्या. माझं हजर पूर्ण होईपर्यंत पुढचं नाव कधी घेतलं नाही. आज गिरणीवर ओरडतोय तो त्यांच्यामुळे.”

ते आमच्याबरोबर तसेच पिठाच्या अंगाने घरी आले. पट्टी मी बसवली. खाच उंचवट्यावर आली, दोन्ही कडांच्या खिट्ट्या टक् करून मिटल्या. आत्याआजीने बटण दाबलं. या वेळी एकच छोटी शिट्टी झाली.

“सगळं ठीक, असं म्हणाला तो,” ठोकळ्याने सांगितलं.

म्हातारा संगणक सावकाश उघडत होता. तेवढ्यात मी ठरवून टाकलं की मोठी झाल्यावर कुठल्याही यंत्रात जाऊ शकेल असा आवाज बनवायचा, कुलूप नसलेला. पहिला आत्याआजीचाच हलवायचा. ठोकळ्या म्हणाला, तोवर तो अशा जुन्या पट्ट्या गावभर शोधून जपून ठेवेल.

आत्याआजीने कीबोर्डवर बोटं ठेवली. ती आधी माझ्याशी बोलेल असं मला वाटलं होतं. तिने दत्ताकाकांकडे पाहिलं आणि टाइप केलं. खोलीत तिचा आवाज आला, अगदी वर्गातला.

“दत्तात्रय महादेव गुरव.”

दत्ताकाका ताठ उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा अडखळले. “ह... ह...” डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाबा काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला. आत्याआजीची बोटं कीबोर्डवरच होती. ती थांबली होती.

“हजर, बाई,” दत्ताकाका म्हणाले.