आईच्या गुडघ्यांवरचा स्पंज

आधीच सांगते, यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

वर्गात माझ्या थापा प्रसिद्ध आहेत, कबूल. शेवगावच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझं तोंडच मिटत नाही, असं आई म्हणते. पण ही थाप असती, तर मी भूत पिंपळावर बसवलं असतं आणि रात्र अमावस्येची घेतली असती.

इथे रात्रच नाही.

भर दुपार होती. त्र्याहत्तर सालचा मे महिना, मंगळवार, बाराचा सुमार. शेवगावपासून पाच कोसांवरचं आमचं गाव. घरात आम्ही दोघीच. मी आणि आई.

निदान मला तसं वाटत होतं...

त्या वर्षीचा दुष्काळ मी काय सांगायचा? वडील बैल घेऊन गुरांच्या छावणीवर गेले होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. दिवसभर उकिडवं बसून तिचे गुडघे नारळाएवढे सुजले. चार दिवस ती उठली नव्हती. परसाकडेसुद्धा मी तिला जवळजवळ उचलून नेत होते.

मुकादमाचा निरोप आला होता, परवा आली नाही तर मस्टरवरून नाव काढणार. म्हणजे तिच्या जागी मी बसणार आणि शाळा सुटणार. पण शप्पथ सांगते, मला त्याची भीती नव्हती. आई पुन्हा चालेल की नाही, याची होती.

सोमवारी संध्याकाळी माझा मामेभाऊ सूर्यभानदादा आला. तो मुंबईला एका प्रयोगशाळेत मदतनीस आहे. औरंगाबादला निघाला होता, वाटेत आमच्याकडे उतरला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

मी लगेच झाकण उघडलं. बिस्किटं नव्हती. आत एक कोरडा, विटकरी, भोकाभोकांचा गोळा होता.

"स्पंज आहे," दादा म्हणाला.

"पाटी पुसतो तो?"

"त्याच्याच जातीचा. समुद्रातला. झाड नाही बरं का, प्राणी आहे. तोंड नाही, डोळे नाहीत. नुसती भोकं. पाणी आत घेतो, बाहेर सोडतो, त्यावरच जगतो. काही जातींचे तर बारीक तुकडे करून चाळणीतून काढले, तरी पाण्यात ते तुकडे एकमेकांना शोधतात. परत एक होतात."

"आन् ह्यो हितं कशाला आनला रं?" आई अंथरुणावरून म्हणाली. "हितं मान्सांना पानी न्हाई."

दादा हसला. "आत्या, असल्या स्पंजांत सुजेवरचं औषध मिळतं का, ते आमचे साहेब शोधतायत. हा नमुना औरंगाबादच्या कॉलेजात पोचवायचाय."

आईने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मंग लाव की माज्या पायाला."

"अजून कशात काही नाही, आत्या. विषारीसुद्धा असेल. आणि साळे, तू तर हातच लावू नकोस. तुला चांगला ओळखतो मी."

"कुणी काढला हा समुद्रातून?" मी विचारलं.

"मालवणकडचा एक जण होता. बुडी मारायचा."

"होता?"

दादाने झाकण लावलं. डबा उचलून फळीवर ठेवला.

मंगळवारी सकाळी तो वडिलांना भेटायला छावणीवर गेला. डबा फळीवरच राहिला.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे सुजेला मिठाच्या कढत पाण्याचा शेक देतात. आईला चार दिवस मी तोच देत होते. त्या दुपारी ती इतकी कण्हत होती, की मला राहवेना. म्हटलं, औषध नसलं तर नसलं, शेक तर बसेल! विळीवर स्पंजाचे सरळ दोन भाग केले. एका गुडघ्याला एक. टँकरचं उरलेलं पातेलंभर पाणी उकळलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि दोन्ही तुकडे आत सोडले.

मिठाच्या पाण्यात.

हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही...

पाणी बघता बघता आटलं. पातेलं कोरडं ठणठणीत. तुकडे मात्र फुगले होते. मी ते जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आईच्या गुडघ्यांवर बांधले.

"गार लागतंय गं," आई म्हणाली.

"आई, पाणी कढत होतं!"

"गारच हाय. लई बरं वाटतंय."

मी खूश! कौतुक ऐकायला पुढे सरकले, आणि काहीतरी बदलल्यासारखं वाटलं.

रस्त्याच्या कामावरचा हातोड्यांचा आवाज दिवसभर आमच्या घरात यायचा. ठक, ठक, ठक.

तो थांबला होता.

कावळे नाहीत. शेजारच्या छबूबाईकाकूंचं बाळ रडत होतं, तेही गप्प.

फक्त एक आवाज येत होता. पट्ट्यांखालून...

आत... बाहेर...

आत... बाहेर...

"साळे, माजे पाय वढू नगंस," आई हसत म्हणाली.

मी चुलीजवळ उभी होते. तिच्यापासून चार हात लांब.

"मी कुठं ओढतेय?"

आईचं हसू गेलं. तिचे दोन्ही गुडघे हळूहळू एकमेकांकडे सरकत होते. तिने हातांनी ते दूर लोटले. ते पुन्हा सरकले. आणि एकदम चिकटले.

तुकड्यांनी एकमेकांना शोधलं होतं.

मी धावले. पट्ट्या ओढल्या, गाठी सुटेनात. वर पाहिलं तर आई श्वास घेत नव्हती. गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून, डोळे फाडून ती आढ्याकडे बघत होती. आणि तिचे केस...

केस उशीवर नव्हते. वर उठून हलत होते, संथ.

पाण्यात हलावेत तसे.

मग मला उंबरा दिसला. उंबऱ्यापासून आईच्या अंथरुणापर्यंत शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटली होती. मोठी, पुरुषाची. येणारी. परत जाणारी एकही नाही.

आईचे ओठ उघडले. आवाज तिचा नव्हता.

"माका वर काढ..."

आमच्या गावात असं कुणी बोलत नाही. आईने उभ्या जन्मात कोकण पाहिलेलं नाही.

"माका वर काढ..."

मला ओरडताही येईना. स्पर्धेत टाळ्या घेणारी मी! पण हातांना काय सुचलं कुणास ठाऊक. खुंटीवर पोहऱ्याचा दोर होता. रोज विहिरीवर तोच ओढते. मी त्याचं टोक त्या चिकटलेल्या गोळ्याभोवती अडकवलं, भिंतीला पाय लावला आणि ओढलं.

दोर जड झाला.

आईच्या अंगाखाली विहीर असावी, असा जड. मी हातावर हात घेत ओढत होते. दोर घरभर पडत होता, ओला, आणि संपतच नव्हता. आमचा दोर एवढा लांब नाही हो! तळहात सोलले. एकदा वाटलं, सोडून द्यावा.

सोडला नाही.

मग गोळा सुटून माझ्या अंगावर आला. आईने एवढा मोठा श्वास घेतला, की मला रडूच फुटलं. बाहेर ठक, ठक, ठक सुरू झालं. बाळ रडायला लागलं.

आणि आई उठून उभी राहिली. गुडघे सपाट!

"साळे," ती म्हणाली, "कोन गेलं गं आत्ता भायेर?"

संध्याकाळी दादा आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, मारेल. त्याने फक्त स्पंज हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. अख्खा होता. विळीचा माग कुठेच नव्हता.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

दादाने स्पंज डब्यात ठेवून झाकण दाबलं. "होडीत आम्ही दोघंच होतो. त्याच्या कमरेला दोर होता. हा स्पंज त्याने आधी वर पाठवला आणि पुन्हा बुडी मारली. मग खालून जोरात हिसका बसला. मी घाबरलो. दोर माझ्या हातात होता, साळे... मी सोडला."

पहाटेच्या एसटीने तो डबा घेऊन गेला. औरंगाबादला तपासणीत काय निघालं, ते त्याने कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

आई आता चालते. मस्टरवर नावही राहिलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर मात्र चाळणीसारखे बारीक ठिपके आहेत. भर दुपारी ते ओले होतात. मी तिच्याच पदराने पुसते. जिभेला लावून पाहिलं एकदा. खारट.

पण मला त्याची एवढी भीती वाटत नाही. भीती दोराची वाटते.

मी अजून रोज विहिरीवर जाते. पोहरा खाली सोडते तेव्हा दोर हलका असतो. तळाशी वीतभर पाणी, त्यात पोहरा अर्धाही भरत नाही.

तरी वर ओढताना दोर जड होतो. जिवंत माणसाएवढा जड...

पोहरा काठाशी आला, की वजन नाहीसं होतं. कुणीच नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

छबूबाईकाकू म्हणतात, "आगं, सोड तो दोर, दम खा जरा."

मी सोडत नाही. हात सोलले तरी सोडत नाही.