रेवाचा आधारशब्द

चंद्रवसाहतीत जाणाऱ्या मुलांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत रेवा आजीच्या मांडीवर मजेत बसली होती. डोक्यावर संवेदकांची मऊ टोपी. सव्वा वर्षाची पोर, अजून एक शब्द बोलत नव्हती. तिची आई शाल्मली मात्र शेजारी अस्वस्थ उभी होती.

"घाबरलेलं मूल मनात एकाच माणसाला शोधतं, त्याच्या आधाराला," डॉक्टर बेहेरे म्हणाले. "आम्ही किंचित दचकवतो, मग हाका ऐकवतो. ज्या हाकेला भीतीची रेघ सगळ्यात खाली बसते, तो आधारशब्द. त्या शब्दाला मुलाच्या मनात जो चेहरा असतो, तो या पडद्यावर उमटतो. त्या माणसापासून मूल तोडायचं नाही, हा वसाहतीचा नियम."

रेवाचा बाबा निरंजन आधीच चंद्रावर होता. आता मायलेकी निघायच्या होत्या; आजी पृथ्वीवरच राहणार होती.

"आई," यंत्र म्हणालं. रेघ खाली आली. पडद्यावर उमटल्या सुलभाबाई, रेवाची आजी, शाल्मलीच्या सासूबाई.

"म्हणजे रेवा आजीपाशी राहणार," डॉक्टर हळूच म्हणाले.

शाल्मली पडद्याकडे बघतच राहिली. नोकरीपायी पोर दिवसभर सासूबाईंकडे सोपवली, त्याचं हे फळ! तिचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय अशी?" सुलभाबाई म्हणाल्या.

रेघ झपकन खाली गेली, आधीपेक्षाही खोल. पडद्यावर शाल्मली होती.

डॉक्टर चक्रावले. शाल्मलीच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरात 'आई' ही हाक सासूबाईंनाच होती. ती स्वतः त्यांना तशीच हाक मारायची, फोनवरून निरंजनही. आणि तिला सासूबाई आणि निरंजन दोघंही 'अगं' म्हणायचे. रेवाच्या लेखी आजीचं नाव आई होतं आणि आईचं नाव अगं.

"पटतंय," डॉक्टर म्हणाले, "पण एकदाच घडलेलं मला धरता येत नाही. हा शब्द यंत्रात नाही. आजी, पुन्हा म्हणाल?"

सुलभाबाईंनी रेवाचे पाय कुरवाळले. त्यांनी नियम ऐकला होता. तोंड मिटून बसल्या, तर पोर त्यांच्याच मांडीवर राहणार होती.

"अगं," शेवटी त्या म्हणाल्या, "हिचे लोकरीचे मोजे विसरू नकोस. तिथे थंडी असेल."

रेघ पुन्हा तळाला गेली. डॉक्टरांनी मान डोलावली. शाल्मलीने रडत-हसत रेवाला उचलून घेतलं.

तिच्या कडेवरून रेवाने मागे वळून आजीकडे हात पसरले, आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला.

"आई."