रिकाम्या नळीवरचं नाव

सुईमामाची सुई टोचलेली कळतसुद्धा नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. म्हणजे पहिल्यांदा कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यांदा चांगलीच कळते, हेही खिदळत तोच सांगायचा. दवाखान्यात लोकांचं रक्त काढायचं आणि नळ्या मोठ्या प्रयोगशाळेकडे धाडायच्या, हे त्याचं काम. नियम असा, की रक्त आधी काढायचं आणि नळीवर नाव मग घालायचं, माणसाच्या समोर, त्यालाच विचारून. मोठ्या सिस्टर तर म्हणायच्या, "रिकाम्या नळीवर नाव घालू नका, मामा. ती वाट बघत बसते."

मामाने त्यावरून सिस्टरांची इतकी खेचली, की त्या बिचाऱ्या चहा प्यायला वेगळ्या बसू लागल्या.

त्या दुपारी मामाची बायको घरी तापाने पडली होती. संध्याकाळी तिचं रक्त काढायचंच आहे, मग पुन्हा कशाला खटाटोप, म्हणून त्याने एका कोऱ्या नळीवर तिचं नाव लिहिलं, ती स्टँडमध्ये खोचली आणि खोलीला कुलूप लावून डबा खायला गेला.

परत आला तर वीज गेलेली. फ्रिजची घरघर बंद. स्पिरिटच्या वासात काहीतरी ओलसर, गंजल्यासारखं मिसळलेलं. किल्ली तर त्याच्याच खिशात होती...

नळी भरली होती.

त्याने हात लावला. कोमट. थोडा वेळ गेला की रक्त गोठतं, नळी तिरकी केली तरी हलत नाही. हे तिरकं करताच सळकन वाहिलं. नुकतंच काढलेलं. उभा जन्म लोकांना घाबरवण्यात घालवलेल्या मामाने स्वतःचे दात वाजताना पहिल्यांदाच ऐकले.

त्याने घरी फोन लावला. दार लावून घे, कुणालाही आत घेऊ नकोस, मी निघालोच, असं कसंबसं सांगितलं. बायको दमल्या आवाजात म्हणाली, की आजारी माणसाची तरी थट्टा करू नये.

"थट्टा नाही गं... तुझं रक्त कुणी काढलं?"

"तुम्हीच की, आत्ता. एक शब्दही न बोलता..."

"मी दवाखान्यात आहे. अजून दवाखान्यातच आहे..."

पलीकडे कुठेतरी नळाचं पाणी वाहत होतं. ते थांबलं. मग ती अगदी हळू म्हणाली,

"मग हे हात पुसत आलेत, ते कोण?"