कप्तान म्हणाला, ‘जातो’

शुक्रवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना हानावा तोकिकोने स्टुडिओच्या दाराला आतून कडी घातली आणि डबा उघडला. डबा खालच्या ओगुरींच्या दुकानातला. भात, भाजलेला बांगडा, मुळ्याचं लोणचं. कामि-इगुसाच्या रेल्वे फाटकाची घंटा वाजायला लागली आणि सवयीप्रमाणे ती थांबेपर्यंत तिने हेडफोन कानाला लावले नाहीत.

या खोलीत ती बावीस वर्षं कार्टूनपटांचे आवाज जोडत आली होती. पावलं, दारं, श्वास, संवाद, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पण आजचे नव्वद सेकंद तिला वेगळे होते. बाराच्या ठोक्याला ‘होकुशिन’च्या नव्या सिनेमाचा ट्रेलर येणार होता, आणि सात वर्षांची असताना जी मालिका तिने टीव्हीला नाक चिकटवून पाहिली, तिच्या या ट्रेलरचा शेवटचा आवाज तिने स्वतः लावला होता.

होकुशिन म्हणजे नवा सूर्य शोधायला निघालेलं अंतराळयान. त्याचा कप्तान इसारि. यानाबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की हा माणूस दारात वळायचा आणि शेजारच्या दुकानातून तोफू आणायला निघाल्यासारखा म्हणायचा, “जाऊन येतो.” बावन्न भागांत बावन्न वेळा. थिएटरात जुने भाग लावले की आजही अख्खं थिएटर ओरडतं, “या जाऊन!” बेचाळीस वर्षांत ही प्रथा एकदाही चुकली नव्हती.

कप्तानाचा आवाज होता निरेगावा सोहेइंचा. ते जाऊन अकरा वर्षं झाली. सिनेमात दुसरा नट घेतला होता, पण ट्रेलरच्या शेवटी, पडदा काळा झाल्यावर, ते दोन शब्द निरेगावांच्याच आवाजात हवेत असं ठरलं. त्यासाठी तोकिको तीनदा कावागोएला त्यांच्या घरी जाऊन आली. तिसऱ्या खेपेला कियो-सान, म्हणजे त्यांची बायको, एकदाची हो म्हणाली. अट एकच. यंत्राकडून यांच्या आवाजात एक अक्षर बनवून घ्यायचं नाही. जे यांनी उच्चारलं तेवढंच वापरायचं. तोकिकोने चटईवर डोकं टेकून शब्द दिला होता.

बारा वाजले. ट्रेलर सुरू झाला. एकाच वेळी दोन लाख माणसं तो बघत होती आणि बाजूला त्यांच्या कमेंट धो धो वाहत होत्या. यान आलं, जुनं संगीत आलं. मग पडदा काळा झाला. सगळ्यांची बोटं ‘या जाऊन’ लिहायला तयार.

“जाऊन येतो,” कप्तान म्हणाला.

“या जाऊन!” तोकिको खोलीत एकटीच ओरडली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

पडद्यावर मात्र कुणीच काही लिहिलं नाही. दोन लाख माणसं चार-पाच सेकंद गप्प होती. मग पहिली ओळ आली. “जातो???”

पुढे शिमगाच सुरू झाला. “जातो म्हणे! कुठे, मसणात?” “बेचाळीस वर्षं या दोन शब्दांवर जगलो, आणि यांनी त्यातला एक कापला!” “कोण तो कात्रीवाला? नाव सांगा त्याचं.” “घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणतं का? आई-बापांनी काही शिकवलंय की नाही?” कुणीतरी संध्याकाळपर्यंत बावन्न भाग आणि तीन सिनेमे चाळून सांगितलं की इसारिच्या तोंडी नुसतं ‘जातो’ कुठेही नाही. म्हणजे हे यंत्राने बोललेलं आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडात घातलेलं आहे. मग श्रेयनामावलीतून ‘ध्वनिसंकलन: हानावा तोकिको’ ही ओळ कुणीतरी खोदून काढली.

तोकिकोला आधी हसू आलं, मग संताप. लोक बहिरे झालेत की काय? तिने ट्रेलर वीस वेळा ऐकला. “जाऊन येतो.” फोनवर ऐकला, हेडफोनवर ऐकला, मोठ्या स्पीकरवर ऐकला. “जाऊन येतो.” पडद्यावर आवाजाचा आलेख काढला. दोन शब्दांचे दोन फुगवटे, मधे श्वासाएवढी खाच.

सहा वाजता निर्माता मुकाई घामाघूम होऊन आला. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि आजवर तिच्यासमोर कधी आवाज न चढवलेला.

“हानावा-सान, का केलंत हे?”

“मुकाई-कुन, इथे बस. कान उघड.” तिने कळ दाबली. स्पीकरमधून आवाज आला, “जाऊन येतो.”

“बघा!” मुकाई म्हणाला. “जातो! स्वतःच लावताय आणि वर मला बसवताय!”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. थट्टा करण्याइतकी अक्कल त्याला होती असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

“सोमवारी सकाळपर्यंत माफीपत्र लिहून द्या,” तो म्हणाला. “चूक माझी, म्हणून. तुमच्या नावाने.”

“जी चूक मी केली नाही, ती मी लिहून देणार नाही.”

“मग कोणी केली?”

तिने रागाने पुन्हा कळ दाबली.

शनिवारी सकाळी ओगुरींनी तिला डबा दिला नाही. पासष्टीचा माणूस, दुकानात होकुशिनची हाताने केलेली प्रतिकृती टांगलेली, बावीस वर्षं तिला एक तुकडा मासा जास्त घालणारा. आज त्यांनी हात मागे बांधून घेतले.

“तोकि-चान, तुला आज डबा नाही.”

“ओगुरी-सान, मी काही केलेलं नाही.”

“काल दुकान भरलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, वर बसलेली आमची तोकि-चान आहे, तिनं केलंय. पंधरा माणसं तोंड उघडून उभी होती ‘या जाऊन’ म्हणायला. पंधरा माणसं! तोंडं तशीच उघडी राहिली.” त्यांनी टांगलेल्या यानाकडे पाहिलं. “घरच्या माणसासारखा निघायचा तो. काल परक्यासारखा गेला.”

त्यांनी काचेचं दार सरकवून घेतलं. तोकिको फुटपाथवर उभी राहिली. लोकांच्या शिव्या तिला चालल्या असत्या, पण आपल्या डोळ्यांदेखत सगळं जग एक शब्द चुकीचा ऐकतंय आणि आपल्यालाच खोटं ठरवतंय, हे तिला सोसवेना. आणि कावागोएला एक म्हातारी बसली होती, जिला तिने शब्द दिला होता. कियो-सानचा फोन काल दुपारपासून लागत नव्हता.

दुपारी एकला कियो-सान स्वतःच स्टुडिओत आली. एक्क्याऐंशी वर्षांची, ताठ, तपकिरी स्वेटर घातलेली. चहा नको म्हणाली. मुकाई तिच्यासमोर कमरेत वाकून तसाच राहिला होता, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

“हानावा-सान, तुम्ही मला शब्द दिला होता.”

“आणि तो मी पाळलाय. मूळ टेप ऐका. यंत्र नाही, काही नाही. त्या वेळची फीत आहे.”

तिने जुनी रिळं चढवली. रिळाच्या डब्यावर निरेगावांच्याच अक्षरात तारीख होती. रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी कियो-सान स्वतः स्टुडिओत नवऱ्याच्या जेवणाचा डबा घेऊन आली होती, काचेपलीकडे बसून तिने हे वाक्य ऐकलं होतं. रीळ फिरलं. फितीची खरखर, कागद उलटल्याचा आवाज, नटाने घेतलेला श्वास.

“जाऊन येतो.”

कियो-सानचा चेहरा पांढरा पडला. मुकाई खाली मान घालून पुटपुटला, “जातो... टेपवरही जातो.”

“नाही!” तोकिको ओरडली. “इकडे बघा, आलेख बघा. एक शब्द, दोन शब्द. दिसत नाहीत का तुम्हाला?”

“मला डोळ्यांनी ऐकायला सांगू नका,” कियो-सान म्हणाली. मग मुकाईला म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जा.”

तो गेला. खाली फाटकाची घंटा वाजून थांबली.

“अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलची गाडी आली तेव्हा हे उंबऱ्यात वळले,” कियो-सान म्हणाली. “जाऊन येतो, म्हणाले. मी म्हटलं, या जाऊन. तेवढंच. मग मी वाट बघत बसले. मेलेला माणूस परत येत नसतो, हे मला कळतं हो. पण म्हणाले होते ना. शब्दाचा माणूस होता. संध्याकाळ झाली की अकरा वर्षं मी बाहेरचा दिवा लावते.” तिने ओठ घट्ट मिटले. “आणि काल साऱ्या देशासमोर मला म्हणाले, जातो. दोन लाख माणसांबरोबर मलाही रांगेत उभं केलं.”

“ते तसं म्हणालेच नाहीत, कियो-सान. मला अजून स्पष्ट ऐकू येतंय.”

“काय ऐकू येतंय?”

“जाऊन येतो.”

म्हातारीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिच्या नजरेतला राग तोकिकोला कळला. फसवल्याचा राग नव्हता तो. लग्नाच्या बायकोने नवऱ्याच्या दुसऱ्या बाईकडे बघावं, तसला होता.

“म्हणजे तुला सांगितलं,” कियो-सान म्हणाली. ‘तुम्ही’ म्हणायचं ती विसरली होती. “मला नाही. तुला.”

तोकिकोने रीळ उतरवायला हात पुढे केला.

“तू काही म्हणालीस का? त्यावर?”

“सवयीनं... शुक्रवारी. लहानपणापासूनची सवय आहे.”

“काय म्हणालीस?”

“या जाऊन.”

कियो-सान उठली. दारापाशी जाऊन, पाठमोरीच म्हणाली, “दोन लाखांत तू एकटी म्हणालीस.” दार उघडत म्हणाली, “सोमवारी मी परवानगी काढून घेते.” आणि जिना उतरून गेली.

रविवारी तोकिको घरीच होती. ओगिकुबोची दोन खोल्यांची जागा, तिसरा मजला, एकटीचा संसार. सकाळभर तिने माफीपत्र लिहिलं आणि फाडलं. तीन वेळा ‘चूक माझी’पर्यंत पोचली आणि तीनदा तिचा हात आडमुठ्यासारखा थांबला. का लिहू? खरं ऐकलं म्हणून?

तीन वाजता ओगुरींचा निरोप आला. “तोकि-चान, मला माफ कर. मी मूर्ख म्हातारा. दुकानात सगळ्यांसमोर रडलो. उद्या डबा माझ्याकडून, दोन मासे घालतो.”

तिला काही समजेना. तिने कमेंट उघडल्या. शिव्या थांबल्या होत्या. दीड तासापासून तिथे वेगळंच काही वाहत होतं.

“शेवटपर्यंत थांबा! काळ्या पडद्यानंतर ऐका!” “आलो! कप्तान ‘आलो’ म्हणतो!” “जातो म्हणून रडवलं आणि आलो म्हणून जीव घेतला. मानलं बुवा!” “हानावा तोकिकोचे पाय धुतले पाहिजेत.”

तिने ट्रेलर लावला. “जाऊन येतो,” कप्तान म्हणाला. त्यानंतर काही नव्हतं. तिने आवाज पूर्ण वाढवला. काही नव्हतं. आलेखावर सपाट रेघ होती.

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. ती पुढे वाचत गेली.

“आणि ती बाई कोण? ‘आलात?’ म्हणणारी?” “किती साधं म्हणते. दमलेला आवाज आहे, पण घरचा.” “कुठल्या नटीचा आहे? यादीत नाव नाही.” “नटी नाहीच ती. खरंच कुणीतरी घरी आल्यावर म्हणतात तसं म्हणतेय.”

फोन वाजला. कियो-सान होती. तिचा आवाज शांत होता.

“परवानगीचं राहू दे. मी काही मागे घेत नाही.”

“कियो-सान, तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं. आता मलाही येतं ऐकू. ‘आलो’ म्हणतात.” पलीकडे कपात चहा ओतल्याचा आवाज आला. “कालपासून दिवा लावलेला नाही मी.”

“आणि ती बाई?”

“तुझाच आवाज आहे तो.”

“मी असं काहीही बोललेले नाही! मी असं काही रेकॉर्ड केलेलं नाही!”

“माहीत आहे,” कियो-सान म्हणाली. “अजून नाही.”

फोन बंद झाला.

खिडकीतून चारचं ऊन चटईवर पडलं होतं. शेजारच्या घरात कुणीतरी भाजी चिरत होतं. तोकिकोने उठून दार पाहिलं. कुलूप होतं. साखळीही होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली.

काही बोलायचं नाही, तिने ठरवलं. एवढंच तर करायचंय. काही बोलायचं नाही.

साखळी वाजली नाही. दार वाजलं नाही.

पण बाहेरच्या दाराआतल्या खोलगट जागेतून, जिथे चपला काढून ठेवतात, एक बूट काढल्याचा आवाज आला. मग दुसरा. बावीस वर्षं आवाज जोडणाऱ्या बाईला तो ओळखायला वेळ लागला नाही. चामडी, जुने, पुरुषाचे.

बराच वेळ गेल्यावर ती सरपटत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि पडदा बोटभर सरकवून तिने त्या खोलगट जागेत पाहिलं.

काळे बूट होते. पाहुणा आला की बूट वळवून ठेवतो, दाराकडे तोंड करून, निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून. घरचा माणूस मात्र येतो तसेच काढतो.

हे तसे ठेवलेले नव्हते. त्यांची तोंडं घराकडे होती.