शेवटच्या बाकावरचा हुंकार

पेणहून रोह्याला जायला हर्षद म्हात्रे सरांची सकाळची एसटी ठरलेली होती आणि एसटीतली खिडकीही. वडखळपर्यंत ते पेपर वाचत, नागोठण्याला गाडी थांबली की चहा घेत आणि भिसे खिंडीचा चढ लागला की डोळे मिटून बसत. कंडक्टरला वाटे, सर झोपले. सर तासाची उजळणी करत असत. त्यांची बायको मनाली चारचौघांत चेष्टा करायची, की आमच्याकडे झोपेतसुद्धा इंग्लंडचे राजे बदलतात.

रोह्याच्या कॉलेजात सर तिसऱ्या वर्षाला इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास शिकवत. अगदी पहिल्या भाटांपासून थेट महायुद्धानंतरच्या लेखकांपर्यंत, आणि हातात कागदाचा कपटाही नाही. एक वाक्य इंग्रजीत, लगेच त्याचं मराठी, मधे एक बारीक खोकला, की पुढचं वाक्य. या शिकवण्याचं मोठं कौतुक होतं. आता खरं सांगायचं तर त्यातलं एकही वाक्य सरांचं नव्हतं. स्वतः बी. ए. करताना त्यांनी एक जाडजूड गाइड घोकलं होतं. ते जिभेवर असं काही बसलं, की पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले, तरी दुसरं काही वाचायची गरज पडली नाही. हे त्यांनी मनालीलाही कधी सांगितलं नव्हतं.

रोह्याजवळच्या वरसे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे. तिथली करिश्मा वाघमारे शेवटच्या बाकावर, खिडकीशी बसायची. त्या वाडीतून इथवर पोचलेली ती पहिलीच. ती वही उघडत नसे. सरांचं वाक्य संपलं की ती हळूच म्हणायची, "हं."

सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसली. सरांनी तिला उभं केलं.

"हा काय प्रकार आहे? भजन चाललंय का इथे?"

"हुंकार देते सर," ती म्हणाली. "आमच्यात गोष्ट सांगायला कोण बसला, की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तवा गोष्ट ऐकणाऱ्याकडं येते."

सरांनी हात हलवून तिला बसवलं. पुढे त्यांना सवय झाली, खोटं कशाला बोला, गोडीच लागली. वाङ्मयाच्या इतिहासातला पहिला काळ त्या वर्षी असा रंगला की विचारू नका. लाकडी दिवाणखान्यात जाळाभोवती बसलेले योद्धे, मधे गाणारा भाट, लिहिणं अजून कोणाच्या गावी नाही, गाणं ऐकायचं आणि तोंडातोंडी पुढे द्यायचं. कवीचं नाव कोणालाच माहीत नाही. "हं," मागून येई, आणि सर पुढे जात.

दिवाळीआधीच्या चाचणीत करिश्माने याच काळावर उत्तर लिहिलं. तपासलं इंग्रजीच्याच वनिता मॅडमनी. त्यांना ती भाषा ओळखीची वाटली, म्हणून त्यांनी ग्रंथालयातलं जुनं गाइड काढून ताडून पाहिलं. पानच्या पान जुळत होतं. प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं.

"म्हात्रे सर, पोरीकडे काही सापडलं नव्हतं. ती म्हणते, वर्गात ऐकलं तेच लिहिलं. हे शक्य आहे का?"

एका वाक्याचं काम होतं. मीच वर्गात हे गाइड म्हणून दाखवतो, एवढंच सांगायचं होतं. वाक्य घशापर्यंत आलंही. पण समोर वनिता मॅडम गाइडवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि भिंतीवर आदर्श शिक्षकांच्या तसबिरींत सरांचाही फोटो होता.

"नाही," सर म्हणाले. "असं नुसतं ऐकून कोणी लिहीत नाही."

चौकशी होईपर्यंत करिश्माने वर्गात बसायचं नाही, असं ठरलं. कॉपी सिद्ध झाली तर तिचं वर्ष जाणार होतं. वर्ष गेलं की शिक्षणही गेलं, कारण दिवाळीनंतर वाडीतली घरं वीटभट्टीवर निघतात आणि मागे राहायला तिला कारण उरलं नसतं. सरांना हे सगळं माहीत होतं. जिन्यात ती त्यांना भेटली.

"सर, पुढचं कधी सांगणार?"

"कसलं पुढचं?"

"गोष्टीतलं. नॉर्मन लोक जहाजांत चढले, तिथं थांबलात."

सरांना तिच्याकडे बघवेना. "बघू," असं काहीतरी पुटपुटून ते स्टाफरूममध्ये शिरले आणि उगाचच कपाट आवरत बसले.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच तासाला सरांनी नॉर्मन लोकांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवलं. दरबाराची भाषा फ्रेंच झाली, मठांची लॅटिन राहिली, आणि इंग्रजी बिचारी शेतात आणि गोठ्यात जगली. सर खोकले.

"हं," शेवटच्या बाकावरून आलं.

बाक रिकामा होता. खिडकी उघडी होती, बाहेर मैदानात कोणीतरी गवत कापत होतं. सवयीमुळे कान वाजतात म्हणतात, तसं झालं असेल. सरांनी पुढचं वाक्य घेतलं. ते संपलं तेव्हा पहिल्या बाकावरचा जितेश मान वळवून मागे बघत होता.

मग छापखाना आला आणि ऐकणारी माणसं वाचणारी झाली. मग नाटकघरं आली, वर छप्पर नाही, खाली उभी माणसं, दुपारच्या उन्हात राजे मरताहेत. हुंकार आता मधल्या बाकांतून येत होता. धर्मवेड्यांनी नाटकघरं बंद पाडली, कॉफीच्या दुकानांत तिखट जिभेचे कवी जमू लागले, पुढे कवी शहर सोडून डोंगरदऱ्यांत गेले आणि साध्या माणसांच्या बोलीत लिहू लागले. हुंकार डाव्या हाताच्या खिडकीशी आला. त्या तासाला वर्गात कोणी हसलं नाही की कोणी जांभई दिली नाही. पोरं वह्यांत माना घालून बसली होती, आणि लिहीत कोणीच नव्हतं.

शुक्रवारी गिरण्यांची धुराडी आली. कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने निघत, घरातलं एक माणूस मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. या वाक्यानंतरचा हुंकार सरांच्या टेबलाशी, अगदी कोपराजवळ आला. त्यात कालवणाचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता. सरांनी डोकं दुखतंय म्हणून तास लवकर सोडला.

रविवारी ते वाडीवर गेले. मनालीला सांगितलं, एका सहकाऱ्याकडे वास्तुशांत आहे. वाडीत दोन-तीन घरांना कुडाची दारं लावून टाकलेली होती, माणसं भट्टीवर गेली होती. करिश्माचा बाप बुधा अंगणात भांड्यांचं गाठोडं बांधत होता. तिची आई आवडी हिने सरांना खाट दिली.

"घरातच बसून असते का ती?" सरांनी विचारलं.

"कॉलेजच्या टायमाला बसते दारात," आवडी म्हणाली. "आन् हुंकार देते. समोर कोण नाय, काय नाय. आमी काय बोलत नाय तिला."

करिश्मा पाण्याचा हंडा घेऊन आली. सरांना बघून ती हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच सरांना सोसेना.

"शुक्रवारी मी काय शिकवलं, सांगता येईल?" त्यांनी विचारलं. का विचारलं, ते त्यांनाही कळलं नाही.

"धुराडी सर. घरात एक वाचतो, बाकी ऐकतात. मंग जितेशला बोललात, मोबाईल आत ठेव. मंग डोकं दुखलं तुमचं."

बुधाचा हात गाठीवर थांबला.

आवडी सरांकडे न बघता म्हणाली, "सर, गोष्ट चालू असली, तर हुंकार देणाऱ्याला मधून उठवत नाय आमच्यात."

"उठवलं तर काय होतं?"

"उठवत नाय," ती परत म्हणाली. मग जरा थांबून तिने हात जोडले. "तुमी सांगा ना साहेबांना. पोर ऐकून लिवते. तुमचा शब्द ते मोडायचे नायत."

"सांगतो," सर म्हणाले. त्या क्षणी त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

सोमवारी चौकशी होती. गाडी भिसे खिंडीत शिरली तेव्हा सरांनी डोळे मिटले आणि उरलेला शेवटचा काळ मनात घोळवायला घेतला. ओठसुद्धा हलत नव्हते. महायुद्ध झालं. जुन्या गोष्टींवरचा विश्वास उडाला. लेखक माणसाच्या बाहेर उभं राहायचं सोडून त्याच्या मनात शिरला.

"हं."

शेजारच्या सीटवर कोळंबीची पाटी घेऊन एक बाई पेंगत होती. हुंकार तिचा नव्हता. तो कुठल्याच बाजूने आला नव्हता. सरांनी पुढचं वाक्य मनात आणायचं टाळलं. पण मन रिकामं राहत नाही. त्यात चौकशीचा विचार आला, आणि त्या मागोमाग आणखी एक विचार आला, इथे लिहून दाखवावा असा तो नव्हता.

त्यालाही हुंकार आला.

केबिनमध्ये प्राचार्य, वनिता मॅडम आणि सर. समोर करिश्मा उभी. बुधा दाराशी, चपला हातात धरून.

"सर, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" प्राचार्यांनी विचारलं.

बुधा सरांकडे बघत होता. सरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी आधी बोललोच आहे," ते म्हणाले.

बुधाने नजर खाली घातली. वनिता मॅडमनी गाइडमधलं शेवटचं प्रकरण काढलं.

"आपण सरळच बघू. हा काळ वर्गात झाला आहे का, सर?"

"नाही. अजून नाही."

"करिश्मा, महायुद्धानंतरचे लेखक. येतं तुला?"

सरांना सापळा दिसला. न शिकवलेलं तिने म्हणून दाखवलं, की गाइड तिच्याकडे होतं हे सिद्ध झालं. नाही येत म्हण, पोरी. त्यांनी तसं मनात म्हटलं.

करिश्माने ते ऐकल्यासारखी मान हलवली, आणि तरी तिने सुरुवात केली. आधी इंग्रजी, मग त्याचं मराठी. मॅडमचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि कुठेही अडत नव्हतं.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "हे तिने ऐकलेलं असूच शकत नाही."

"लेखक माणसाच्या बाहेर उभं राहायचं सोडून त्याच्या मनात शिरला," करिश्मा म्हणाली. आणि ती खोकली.

तो खोकला सरांचा होता. मॅडमचं बोट थांबलं.

"सर खिडकीशी बसले होते," करिश्मा त्याच सुरात पुढे म्हणाली. "शेजारी कोळंबीवाली बाई. सरांना वाटलं, खरं सांगितलं तर माझं काय राहील? जन्मभर गाइड म्हणून दाखवलं, हे कळेल. फोटो उतरवतील. त्यापेक्षा पोरीचं गेलं तर काय मोठं? वाडीतलीच तर पोर. भट्टीवर गेली की विसरेल."

पंखा फिरत होता.

"म्हात्रे सर," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे? असं आहे का?"

सरांना नाही म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"हं," त्यांच्या घशातून आलं.

करिश्मा पुढचं वाक्य बोलली. सरांनी हुंकार दिला. त्यांनी तोंडावर हात दाबला, तरी तो दिला गेला. तिने एकेक तास सांगितला, जिना सांगितला, आवडीपुढे दिलेला शब्द सांगितला. लाज वाटायची ती सगळी सरांना वाटत होती आणि वाक्य संपलं की मान आपोआप हलत होती.

प्राचार्यांनी तिला थांबवलं नाही. त्यांनी कागदावर सही केली, चौकशी मिटली, करिश्माने उद्यापासून वर्गात बसावं म्हणून सांगितलं आणि बुधाला नमस्कार केला. वनिता मॅडमनी गाइड मिटलं. सगळे बाहेर गेले. सरांना उठता येईना.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. खाली व्हरांड्यात मुली करिश्माभोवती जमल्या असाव्यात, कारण तिचा आवाज खिडकीतून वर येत होता. ती अजून सांगतच होती.

"मंग सर खुर्चीत बसून राहिले. शिपायानं दारं लावून घेतली. पेणची गाडी निघून गेली."

"हं," सर म्हणाले. पेणची गाडी सुटायला अजून अवकाश होता.

"दिवेलागणीला पेणला कडी वाजली. मनालीनं दार उघडलं."

मनालीचं नाव तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सरांनी दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

"बाहेर कोण नव्हतं. सरांच्या चपला तेवढ्या होत्या."

खालून एका मुलीने विचारलं, "मंग गो?"