तिसऱ्या मजल्यावरची धाप

प्रेम माणसाला उंचावर नेतं, असं म्हणतात. सूर्यभानला त्यानं चौथ्या मजल्यापर्यंत नेलं, आणि त्यातलंही निम्मं श्रेय डॉक्टरांचं होतं.

डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पाऱ्याकडं बघत विचारलं, "वय?"

"एकोणतीस."

"हा रक्तदाब तुमच्या सासऱ्याचा वाटतोय."

"लग्न नाय झालं अजून."

"मग त्याची घाई करू नका. आधी जिने चढा. कचेरीत लिफ्ट असली तरी ती नाहीच असं समजा."

कचेरी औरंगाबादेत, चार मजल्यांची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. सूर्यभान तळमजल्यावर आवक-जावक शाखेत आलेल्या टपालावर शिक्के मारायचा. मूळचा पाचोडकडचा. बाप सोनाजी मेंढरांमागं दिवसाला पाच-सहा कोस चालून संध्याकाळी वर आणखी गप्पाही मारायचा. लेक सात वर्षं खुर्चीवर बसला आणि बावीस पायऱ्यांत गार व्हायला लागला.

एका मजल्याच्या पायऱ्या बावीस. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो कठडा धरून, डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा मागून आवाज आला –

"पाणी देऊ, का माणसं बोलवू?"

"पा… पाणी."

"बसा आधी. पायरी सरकारी हाय, झिजंल म्हणून भिऊ नका."

ती द्वारका. चौथ्या मजल्यावरची टायपिस्ट, लासूर स्टेशनची. हातात स्टीलचा डबा, खांद्याला पर्स, आणि तीन मजले चढूनही कपाळावरची टिकली जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जिन्यातच भेटली. सूर्यभाननं एका पायरीला एक शब्द या गतीनं विचारलं, "तुम्ही… लिफ्टनं… का नाय… येत?"

"लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात. अन् सहाच्या सहा माझ्याकडं बघत वर येतात."

सातवा माणूस जिन्यानं येत होता आणि तोही बघतच होता. पण त्याची शुद्ध हरपत आलेली असल्यामुळं तिनं ते मनावर घेतलं नसावं.

वर टपाल न्यायचं काम खरं तर शिपायाचं. सूर्यभाननं ते प्रकृतीच्या कारणास्तव मागून घेतलं. रोज साडेदहाला, हातात टपाल, शेजारी द्वारका. लिफ्टमन कडूबा स्टुलावर बसून हे सगळं बघायचा.

"साहेब, लिफ्ट रिकामी चाललीय. सरकारचं नुकसान व्हायलंय."

"डॉक्टरनं सांगितलंय, कडूबा."

"कोणच्या मजल्यावरच्या?"

अशा गोष्टीत इथं पाऊस यायला हवा. दोघं एका छत्रीत वगैरे. त्या साली मराठवाड्यात पाऊस आला नाही. सीताफळं मात्र आली, त्यांना पाण्याची फारशी गरज नसते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लांबवर गोगाबाबाची टेकडी दिसायची. तिथं उभं राहून द्वारका सीताफळ दोन्ही अंगठ्यांनी फोडायची आणि मोठी फोड त्याला द्यायची.

"पेशंटला जास्त."

"अन् पेशंट बरा झाला तर?"

"तर निम्मं-निम्मं."

काळ्या बिया ती खिडकीच्या पट्टीवर ओळीनं मांडायची. एकदा एक बी घेताना तिची चिकट बोटं त्याच्या तळहाताला लागली… आणि दोघांनीही टेकडीकडं असं पाहिलं, जणू ती आजच कुणीतरी आणून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं. कुणी ठरवलं नव्हतं.

घोटाळा दिवाळीच्या सुमारास झाला. सूर्यभान बरा झाला. एका सोमवारी तो तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपला श्वास अगदी शांत चाललाय. आता थांबायचं कशासाठी? द्वारका तर पुढच्या पायरीवर पाय ठेवतही होती.

त्यानं कठडा धरला आणि धापा टाकायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी जरा जास्तच झालं, तिनं घाबरून डब्याच्या झाकणानं वारा घातला. मग हळूहळू त्याला माप कळलं. सीताफळाच्या दिवसांत चार मिनिटांची धाप, पेरूच्या दिवसांत तीन.

"अजून लागती?"

"लई."

"डॉक्टरला दाखव की."

"दाखवलं. म्हणला, थांबत थांबत चढा."

ती हसायची आणि थांबायची.

फेब्रुवारीत एका सकाळी तीच आधी थांबली. डबा खिडकीत ठेवला. हातात फळ नव्हतं.

"रविवारी घरी पाव्हणे यायलेत. वैजापूरचे. मुलगा शेती खात्यात हाय. दादा म्हणतो, उरकून टाकू. आई म्हणती, पोरीला विचारा." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "म्हंजी मला विचारणारेत, सूर्यभान. मी काय सांगू?"

उत्तर सूर्यभानजवळ तयार होतं. माझं नाव सांग – तीन शब्द. न्हाणीत, सायकलवर, शिक्के मारताना त्यानं ते शंभरदा म्हणून पाहिले होते. पण त्याला आई दिसली. बानाबाईनं आपल्या भावाला केव्हाच शब्द दिला होता, मामाची पोरगी सून म्हणून ठरल्यासारखीच होती. मग लासूरचा तो दादा दिसला, त्याची ती चाळीस एकर. लासूरची वावरं आणि पाचोडची मेंढरं यांच्यातलं अंतर रस्त्याच्या दगडांवर लिहीत नाहीत, पण सगळ्यांना पाठ असतं.

सूर्यभाननं कठडा धरला आणि त्याला धाप लागली.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली धाप होती ती. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"होऊ दे," द्वारका म्हणाली. "थांबते मी."

ती थांबली. लिफ्ट एकदा वर गेली, खाली आली, परत वर गेली. धाप चालूच होती. अडचण एवढीच, की ती संपली की बोलावं लागणार होतं.

"परवा मोठ्या साहेबांनी फाईल मागवली ना," ती शांतपणे म्हणाली, "तवा दोन-दोन पायऱ्या टाकत वर आलास. मी वरून बघत होते. एकदाबी थांबला नाहीस."

धाप जागच्या जागी बंद झाली.

"तवापासून कळलं तुला?"

"दिवाळीपासून. येडी हाय का मी?" ती किंचित हसली. "माझ्यासाठी करतो, म्हणून मीबी थांबायची. गोड वाटायचं."

"तुझ्यासाठीच करत होतो."

"व्हय. आन् आज?"

तो बियांकडं बघत राहिला. वाळून, धूळ बसून त्या आता कशाच्याही वाटत होत्या.

"आईनं मामाला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"तू दिलायस?"

"नाय."

"मग?"

या 'मग'ला लागणारा श्वास त्याच्याकडं भरपूर होता. तो त्यानं तसाच सोडून दिला.

द्वारकानं डबा उचलला. "येते, साहेब. उद्यापासून टपाल शिपायाबरोबर पाठवा. तुम्ही कशाला त्रास घेता."

उरलेल्या बावीस पायऱ्या ती एका लयीत चढली. चपलांचा आवाज त्यानं शेवटपर्यंत मोजला.

लग्नाची पत्रिका एप्रिलमध्ये टपालानं आली. पत्ता 'सर्व कर्मचारी' असा होता. सूर्यभाननं तिच्यावर आवकचा शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि वाचून सही करण्यासाठी सगळ्या शाखांत फिरवली. परत आली तेव्हा तिच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, त्याची सोडून. त्यानं ती केली. जूनमध्ये द्वारकाची बदली वैजापूरला झाली.

मामानं पोरगी पैठणच्या एका मास्तरला दिली. म्हणाला, "बीपीवाला जावई नको बाबा, पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

ऑगस्टमध्ये कचेरीत आरोग्य शिबिर झालं. सूर्यभानचा रक्तदाब एकशे वीस, ऐंशी निघाला.