दोन बोटं डावीकडे

खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता बंदूक विसरा. मी डॉक्टरला विसरले. बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी मेंढ्या पाळायच्या आणि घरात बंदूक ठेवायची नाही, म्हणजे कोयोटांना, इथल्या लहान लांडग्यांना, पाटपाणी मांडून जेवायला बोलावणं. त्यातून कोकरं व्हायचे दिवस तोंडावर आलेले. बाबांची जुनी रायफल होती, पण ती असा दणका द्यायची की माझे टाके उसवले असते. मला हवी होती कार्बाइन. आखूड, हलकी, पिस्तुलाचीच गोळी घेणारी. झाडली तर खांद्यावर कुणी थाप मारल्याइतकंच जाणवावं. आणि हवी होती वापरलेली. नव्या बंदुकीच्या खोडी आपल्यालाच शोधाव्या लागतात, जुन्या बंदुकीच्या पहिल्या मालकाने शोधून ठेवलेल्या असतात, असा माझा हिशेब.

पेंडीच्या दुकानातल्या फळ्यावर मार्विस टिबेट्सची चिठ्ठी लागली होती: कार्बाइन विकणे आहे. मार्विस खिंडीपलीकडे राहायची. तिचा नवरा हर्शेल मागच्या शिकारीच्या दिवसांत कुणाच्या तरी भरकटलेल्या गोळीने गेला. गोळी कुणाची ते कधीच कळलं नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक घरातून तिच्याकडे शिजवलेलं जेवण गेलं होतं, माझंही बटाट्याचं भांडं गेलं होतं.

तिने कार्बाइन स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलवर मांडून ठेवली होती. बोल्ट मागे ओढून तिने आत गोळी नसल्याचं मला दाखवलं आणि मग माझ्या हातात दिली. मी करंगळी घालून पुन्हा तपासलं. आमच्याकडे यात कुणाचा अपमान होत नाही; न तपासणारा मूर्ख ठरतो. नळी आतून आरशासारखी स्वच्छ होती. लाकडी दस्त्यावर एकही ओरखडा नाही.

"एवढी चांगली आहे, मग विकताय कशाला?" मी विचारलं.

"आता लागत नाही."

मी भाव केला नाही. विधवेशी करू नये. ती टॉवेलाच्या घड्या घालत होती, मध्येच थांबली.

"लव्हॉनबाई, तुमच्याकडे घरी कोण कोण असतं?"

"मी आणि धाकटा भाऊ, ऑरिन. पण तो असून नसल्यासारखा. अर्धा बहिरा आहे."

मी हसले. ती हसली नाही.

"पटतं तुमचं?"

"भांडलो नाही तर जेवण पचत नाही आम्हाला," मी म्हटलं.

तिने पुढे होऊन दस्त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला वाटलं, नवऱ्याची आठवण असेल.

ऑरिनचं सांगायला हवं. लोकर कातरायच्या यंत्राशेजारी जन्म काढल्यामुळे त्याचे कान गेले. कोयोट उशाशी येऊन रडला तरी त्याला जाग येत नाही, म्हणून कळपाची राखण माझ्याकडे. बायको सोडून गेल्यावर तो परत घरी आला, तो आलाच. मला त्याच्याशिवाय कुणी नाही. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, कारण मोठ्याने ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागच्या मातीच्या बांधाला कागद लावला, टेबलावर वाळूची पिशवी ठेवली आणि बसले. या कामात मला या तालुक्यात तोड नाही. मी सांगत नाही, लोक सांगतात. पाच गोळ्या झाडल्या. पाचही एकाच भोकात, पण काळ्या ठिपक्यापासून दोन बोटं डावीकडे.

याला दोष म्हणत नाहीत. नेम धरायची मागची खाच जिकडे सरकवाल तिकडे गोळी सरकते, इतका साधा नियम. पितळी खिळा आणि लहान हातोडी घेऊन मी खाच केसभर उजवीकडे ठोकली. पुन्हा झाडल्या. आता तीन बोटं डावीकडे.

ओढ्याकाठी, माझ्या डाव्या हाताला, ऑरिन कुंपणाचे खांब बदलत होता. जेवायला आला तेव्हा त्याने कागद उचलून पाहिला.

"म्हातारी झालीस तू."

"आणि तू बहिरा झालास. फिटंफाट."

"काय म्हणालीस?"

"जेव म्हटलं!"

दोन दिवसांनी पुन्हा बसले, तर गोळ्या चक्क उजवीकडे. मी स्वतःवरच चरफडले. खाच जास्त ठोकली गेली होती, दुसरं काय. परत मूळ जागी आणली. तरी उजवीकडेच. ऑरिन त्या सकाळी उजवीकडच्या कुरणात ट्रॉलीतून गवत उतरवत होता. हे मी पाहिलं होतं, पण पाहायचं म्हणून नाही.

कार्बाइन घेऊन मी गावात ड्वेनकडे गेले. बंदुका दुरुस्त करण्यात त्याचे केस पांढरे झालेत. त्याने दुकानामागच्या अंगणात स्वतः झाडली, मध्यभागी. मग मी झाडली, तीही मध्यभागी.

"बंदूक ठणठणीत आहे," ड्वेन म्हणाला. "खांदा दाखवून घे तुझा."

"खांदा इथे बरा आणि घरी गेला की दुखतो काय रे?"

"घरी ऑरिन असतो ना!" तो खदखदून हसला. मीही हसले.

पुढच्या शुक्रवारी ऑरिन पेंड आणायला गेला होता. थंडी होती, पण ऊन स्वच्छ पडलं होतं. वारा अजिबात नव्हता. मी नवा कागद लावला. पहिली गोळी ठिपक्याच्या मधोमध. दुसरी आणि तिसरीही तिथेच. मला बरं वाटलं; माझा हात तो माझाच हात, म्हटलं. मॅगझिन भरून एकेक गोळी सावकाश झाडू लागले.

चौथी किंचित डावीकडे गेली. पाचवी आणखी डावीकडे. सहावी दोन बोटं.

मी डोकं वर केलं. डावीकडच्या टेकडीवरून रस्ता उतरतो, त्यावर धूळ उठली होती. ऑरिनचा ट्रक येत होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी कागदावर विश्वास ठेवते. म्हणून ट्रक फाटकाशी येईपर्यंत मी झाडत राहिले. नेम ठिपक्यावर, श्वास धरलेला, चाप हळूच. ट्रक जवळ येत गेला तशी भोकं डावीकडे सरकत गेली, एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखी. शेवटचं भोक कागदाच्या अगदी कडेला पडलं. वीतभर.

मी बोल्ट उघडा केला, मॅगझिन काढून खिशात टाकलं.  कार्बाइन एका टॉवेलात गुंडाळली.

त्याच दुपारी मी मार्विसच्या दारात उभी होते. तिने जाळीचं दार उघडलं नाही.

"परत घेणार नाही मी," ती म्हणाली. माझ्या हातातल्या टॉवेलाकडे तिने नुसतं पाहिलं.

"परत द्यायला नाही आले. विचारायला आले."

तिने बोटं जाळीवर टेकवली. मग म्हणाली, "किती सरकते?"

"वीतभर."

तिने स्वतःचा पंजा पसरून पाहिला. "आमची शेवटी शेवटी हातभर सरकायची. हर्शेल म्हणायचा, तुझाच हात थरथरतो. तार ओढत होता तो कुंपणाला."

"तुम्ही नेम कशावर धरला होता?"

"डब्यावर. हर्शेलपासून लांब होता हो डबा. खूप लांब होता."

मला तिची कीव आली आणि तितकाच रागही आला. "आणि तुम्ही ती मला विकलीत!"

"तुमच्यासारखी नेमबाज नाही मी. वाटलं, तुमच्या हाती नीट चालेल."

"त्याआधी कुणाची होती?"

"ज्याने विकली तो एकटाच राहायचा," ती म्हणाली आणि आतलं दार लावून घेतलं.

घरी आल्याबरोबर मी गॅसकटर पेटवला. नळी तीन ठिकाणी कापली, बोल्ट कापला, दस्ता चुलीत घातला. ऑरिन कमरेवर हात ठेवून बघत होता.

"डोकं फिरलंय का तुझं? चांगली बंदूक कापतेस!"

"तडा गेला होता!" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"तडा? रविवारी तर सुतासारखी सरळ मारत होती."

"रविवारी कुणी मारली?"

"मी. तू चर्चला गेली होतीस तेव्हा. पाचही मधोमध. तू म्हातारी झालीस, हे तेव्हाच ठरलं."

त्यालाही जिंकू द्यावं कधी कधी. लोखंडाचे तुकडे मी जुन्या विहिरीत टाकले, वर दगड लोटले. त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपले. प्रश्न समोर आला, तो सोडवला, संपलं. मी अशीच आहे.

कोकरं सुरू झाली. कोयोट दिवसाढवळ्या ओढ्यापर्यंत येऊ लागले. ऑरिन म्हणाला, राखण तू कर, बंदूक मी चालवतो. तुला दिसले की मला खूण कर. बाबांची रायफल त्याच्या खांद्याला झेपते. मला ते पटलं. सकाळी त्याने बांधाला कागद लावला. मी रायफलचा बोल्ट उघडून त्याला दाखवला, त्याने करंगळी घालून पाहिलं आणि टेबलाशी बसला. मी कॉफीचा मग घेऊन त्याच्या उजव्या हाताला, चांगली लांब, उभी राहिले.

त्याने झाडली. दुर्बिणीतून पाहिलं.

"दोन बोटं उजवीकडे," तो म्हणाला.

मी घराच्या धुराड्याकडे पाहिलं. धूर सरळ वर जात होता; वारा नव्हता.

मी त्याच्या पाठीमागून गेले आणि डाव्या हाताला तितक्याच अंतरावर जाऊन उभी राहिले. एक बोट वर करून त्याला खूण केली. आणखी एक गोळी.

त्याने झाडली. या वेळी दुर्बीण डोळ्यांवरून लवकर खाली घेतली नाही.

"च्यायला, आता डावीकडे." तो हसला. "काही नाही गं, खाच ढिली झालीय. तू तिथेच थांब."

शीळ घालत त्याने खिशातून माझा पितळी खिळा काढला.